हिंडलग्याच्या वाटेवर

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की शहर मागे पडते आणि थोड्याच वेळात हिंडलगा गाव येते. आपल्यापैकी बहुतेकांना ते ठाऊक असते कारागृहामुळे. १९५० साली स्वातंत्र्यवीर सावरकरांना येथेच स्थानबद्ध करून ठेवले होते. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात बळी पडलेल्यांचे स्मारकही येथे आहे. दर १ जूनला सीमाभागातील मराठी माणसे तेथे फुले वाहतात. त्यागाची भाषा या गावाला नवी नाही.

याच परिसरात कुष्ठरुग्णांचे रुग्णालय आहे. त्याच्यासमोरून जाताना आमच्या मनात एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्यांचे घर सुटले, गाव सुटले, हातापायांची बोटेही झडली, त्यांना त्यागाचा उपदेश करावा काय? ख्रिस्ती सेवाश्रमांतून तो होत आला आहे : आपल्या दुःखात गुरफटून राहू नका, आपला क्रूस उचला, दुसऱ्यासाठी झिजा. धडधाकट माणसाने हे सांगावे, हे आम्हांस रुचत नाही. पण ज्याने जन्मभर केवळ घेतच राहावे असे आपण ठरवून टाकतो, त्याच्यावरही आपण अन्यायच करतो.

येथे केडगावची आठवण येते. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. तेथील अंध स्त्रियांच्या निवासाचे नाव बर्तीमी सदन. रमाबाईंची कन्या मनोरमा हिने ब्रेल लिपी शिकून ती तेथील अंध मुलींना शिकविली. खुद्द रमाबाईंनाही ऐकू कमी येई. १८८३ साली त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूने इंग्लंडला गेल्या, पण त्या श्रवणदोषामुळे तो बेत सोडावा लागला. पुढे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. मुक्तीच्याच छापखान्यात त्याची छपाई झाली. १९२२ साली त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला.

हा बर्तीमी म्हणजे यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी. येशूने आधी त्यालाच विचारले की, तुला काय हवे? दृष्टी आल्यावर तो आपण होऊन येशूमागे चालू लागला. उपदेशक मंडळी त्याचे हे मागे जाणे रंगवून सांगतात. आधीचा प्रश्न मात्र बहुधा गाळतात!

कुष्ठरुग्णाच्या बाबतीत तो प्रश्न फार व्यावहारिक आहे. रोग आज औषधाने पूर्ण बरा होतो, पण उपचारास उशीर झाला तर बधिर झालेल्या नसा सहसा पूर्ववत होत नाहीत. तापलेले पातेले उचलून हात भाजला तरी कळत नाही. खडा रुतून तळव्याला जखम झाली तरी मनुष्य चालतच राहतो. अशाला 'दुसऱ्यासाठी झिज' असे सांगण्यापूर्वी त्याच्या हाती जाड फडके व लांब दांड्याचा डाव द्यावा, पायी मऊ तळाची चप्पल द्यावी.

आणि तळवे रोज पाहावे लागतात. रोगाने काहींची दृष्टीही मंदावलेली असते, म्हणून हे काम दोघांनी मिळून करायचे असते. ज्याचे डोळे चांगले, तो सोबत्याचा पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत निरखतो. ज्याची बोटे शाबूत, तो पट्टी बांधतो. मग पाय बदलायचे.