दोन मिनिटांचा व्हिडिओ

२०२५ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या आक्काचा धाकटा मुलगा बी.एस्सी. कृषी झाला आणि एका बियाणे कंपनीत मुलाखत देऊन आला. पोरगा हुशार, मातीत हात घालणारा. एकाही प्रश्नाला अडलो नाही असे तो सांगत होता, आणि ते खरेच असावे. आक्काने देवापुढे साखर ठेवली. पण पंधरा दिवस गेले, महिना गेला, पत्र नाही की फोन नाही.

"भाऊ, तू खात्यातला माणूस. जरा विचारून तरी बघ," आक्का म्हणाली. वशिला लावणे माझ्या स्वभावात नाही, पण विचारायला काय हरकत? त्या कंपनीतले एक गृहस्थ पूर्वी माझ्या मंडळात पीक प्रात्यक्षिकांना येत. त्यांना फोन केला. ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "साहेब, मुलगा चांगला आहे. पण त्याचा तो सोयाबीनचा व्हिडिओ आमच्या वरिष्ठांनी पाहिला. आमची पोरं दिवसभर दुकानदारांच्या दारात उभी असतात. याला कोणत्या दारात उभं करू?"

व्हिडिओ म्हणताच माझ्या ध्यानात आले.

२०२० चा खरीप तुम्हाला आठवत असेल. मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला होता. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. आक्काच्या चार एकरांतही तासच्या तास रिकामे. उसनवारीच्या पैशाने आणलेले बियाणे. भाचा तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याने मोबाईल काढला, रिकामे तास दाखवले आणि मग तालुक्याच्या दुकानदाराचे नाव घेऊन त्याच्या आईबहिणीचा उद्धार केला. दोन मिनिटांचा तो व्हिडिओ फेसबुकवर टाकला. संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीत तो पोचला.

आता गंमत बघा. बियाणे खरोखरच खराब होते. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी. पंचनाम्यात ती निम्म्याच्याही खाली निघाली. आक्काने पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवली होती. तालुका तक्रार निवारण समितीकडे अर्ज गेला, समिती शेतावर आली, अहवाल झाला आणि पुढे बदली पिशव्या मिळाल्या. त्या पिशव्या अर्जाने मिळाल्या. व्हिडिओने एक दाणाही मिळाला नाही. ज्या दुकानदाराला शिव्या बसल्या त्याने तर बंद पिशवी घेतली आणि बंदच विकली होती. आत कसला दाणा आहे ते त्याला काय ठाऊक!

मी भाच्याला कंपनीचे म्हणणे सांगितले. तो उसळला. "मामा, मी खोटं बोललो का?"

"खोटं नाही बोललास. पण तुझा तास कुणी पाहिलाच नाही. शिव्याच ऐकल्या सगळ्यांनी."

"पाच वर्षं झाली त्याला. मी तो कधीच काढून टाकला."

काढून टाकला हे खरे. पण कुणीतरी तो आपल्या मोबाईलमध्ये उतरवून घेतला होता, आणि दरवर्षी पेरणीच्या दिवसांत तो कुठल्या ना कुठल्या गटावर फिरत असतो. हरळी वरून खुरपली तरी खाली काशा राहतातच, तसे हे.

पोरगा क्रिकेटवेडा आहे, म्हणून त्याला इंग्लंडच्या ऑली रॉबिन्सनची आठवण दिली. २०२१ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर त्याची पहिली कसोटी. न्यूझीलंडचे सात गडी त्याने सामन्यात बाद केले. पण पहिल्याच दिवशी त्याची २०१२-१३ मधली, अठरा-एकोणीस वर्षांचा असतानाची, ट्विटरवरची ओंगळ वाक्ये कुणीतरी उकरून काढली. बोर्डाने त्याला पुढच्या कसोटीला बाहेर बसवले. मात्र ऑगस्टमध्ये भारताविरुद्ध तो पुन्हा खेळला आणि त्याने आपल्याच लोकांचे बळी घेतले. भाचा एवढ्या दिवसांत प्रथमच हसला.

आम्हा सरकारी नोकरांना १९७९ च्या वर्तणूक नियमांचे बंधन आहेच. जुलै २०२५ मध्ये शासनाने समाजमाध्यमांविषयी वेगळ्या सूचनाही दिल्या. पण रोजंदारीने फवारणी करणारा, ड्रोन चालवणारा, कलमे बांधून देणारा जो पोरगा आहे, त्याला कोण सूचना देणार? त्याला काम देणारा बागाईतदार आधी त्याचा मोबाईलवरचा फोटो उघडून बघतो. वाढदिवसाला तलवारीने केक कापलेला दिसला की दुसऱ्याला बोलावतो, आणि का ते सांगतही नाही. तक्रार करू नये असे मी मुळीच म्हणत नाही. खराब बियाण्याची तक्रार केलीच पाहिजे, रिकाम्या तासाचा फोटोही जरूर काढावा. लॉट नंबर आणि पावती त्यात दिसली तर तो फोटो पुराव्याला उपयोगी पडतो.

भाच्याला ती नोकरी मिळाली नाही. सध्या तो भाड्याने फवारणीची कामे घेतो. दिवाळीआधी एकदा तो त्या दुकानदाराकडे गेला. मी जा म्हटले नव्हते. दुकानदाराने मान वर केली नाही, गिऱ्हाईक संपेपर्यंत त्याला उभे ठेवले आणि मग एवढेच विचारले, "आई बरी आहे का?" पुढे काय बोलणे झाले ते तो सांगत नाही.

एक गोष्ट मात्र मी आक्काला अजून सांगितलेली नाही. कंपनीचा फोन झाला त्या रात्री मी माझे जुने मोबाईल खाते धुंडाळले. २०२० च्या जूनमध्ये त्या व्हिडिओखाली ज्यांनी अंगठा दिला होता, त्यांत तिसरे नाव माझे होते. खाली मी लिहिले होते, "शाब्बास भाच्या!"