वरचा मजला

आमच्या घरमालकिणीला मी खाला म्हणते. अरबीत खाला म्हणजे आईची बहीण, आपली मावशीच. अरादमधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला थोरल्या मुलाच्या लग्नानंतर चढवलेला. वेगळा जिना, वेगळं स्वयंपाकघर. पुढे मुलाला हमद टाउनमध्ये सरकारी घर मिळालं आणि वर आम्ही भाडेकरू म्हणून आलो.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी खाला एक कागद घेऊन वर आल्या. शेजारचा व्हिला एका कंत्राटदाराने मजुरांसाठी घेतला होता. त्याविरुद्ध नगरपालिका परिषदेकडे अर्ज होता. खालांना कामापुरतं हिंदी येतं. म्हणाल्या, "तुम लोग फॅमिली है. साइन करो."

त्यांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. पहाटे चारला बस येऊन हॉर्न वाजवायची. कचऱ्याचा डबा दुपारीच भरून वाहायचा. खिडक्यांतून एसीच्या वायरी लोंबत होत्या. एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात वीसेक माणसं राहत होती. मी म्हटलं, उद्या देते.

सही न करण्याचं एक कारण त्या घरातच होतं. मी मुलीवर ओरडत असताना एकदा फाटकाबाहेरून आवाज आला, "ताई, तुम्ही मराठी का?" मुलगा देगलूरकडचा, गवंडीकाम करणारा. त्यानंतर कधी दशम्या, कधी चटणी त्याच्याकडे जायची.

दुसरं कारण पुण्यातलं. पीएचडीची चार वर्षं मी एका बंगल्यात कॉट बेसिसवर राहिले. एका खोलीत तिघी. सोसायटीने मालकिणीला नोटीस दिली : बंगले कौटुंबिक वापरासाठी आहेत, पार्किंगवर ताण येतो. आम्हा तिघींत मिळून एक सायकल होती. समोरच्या बंगल्यात दोन भावांच्या दोन चुली झाल्या होत्या, मधे भिंत होती, दारात चार गाड्या होत्या. त्यांना नोटीस गेली नाही. मजला मुलासाठी चढला की तो संसार, परक्यासाठी चढला की ते अतिक्रमण.

बहारीनमध्ये हा प्रश्न अधिक टोकदार आहे. 2020च्या जनगणनेनुसार इथली लोकसंख्या 15 लाख आणि त्यातले निम्म्याहून जास्त परदेशी. 1960च्या दशकातलं इसा टाउन, 1980च्या दशकातलं हमद टाउन ही शहरं सरकारने नागरिकांच्या कुटुंबांसाठी वसवली. मर्यादित उत्पन्नाच्या नागरिकांना घर मिळावं यासाठी राज्य प्रयत्न करील, असं राज्यघटनेतच आहे. त्यात गैर काही नाही. पण ती घरं बांधणारा माणूस कुठे राहणार, याचं उत्तर त्या नकाशात नसतं. मग तो मिळेल तिथे राहतो, आणि 'बॅचलर' मजुरांना कुटुंबांच्या वस्तीतून बाहेर काढा, ही मागणी नगरपालिका परिषदांत आणि संसदेत पुन्हा पुन्हा येते.

बंदीने माणसं नाहीशी होत नाहीत, फक्त नजरेआड होतात. जानेवारी 2013मध्ये मनामातल्या मजुरांच्या इमारतीला आग लागली, 13 बांगलादेशी कामगार गेले. घरात राहतंय कोण यापेक्षा किती जण राहतात, वायरिंग कसं आहे, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हे विचारायला हवं. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहराने 2018 साली एका कुटुंबाच्या प्लॉटवर तीन घरांपर्यंत परवानगी देणारा आराखडा मंजूर केला. तिथेही वाद झाला. पण निदान घर आधी मोजलं, माणूस नंतर.

दुसऱ्या दिवशी मी खालांना म्हटलं, आपण वेगळा अर्ज करू. माणसांची संख्या ठरवा, वायरिंग तपासा, बस कोपऱ्यावर थांबवा, कचऱ्याचे दोन डबे द्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागदाची घडी घातली. "तू अच्छी लडकी है," म्हणाल्या, आणि खाली गेल्या. अर्ज आमच्या सहीशिवाय गेला. त्या रमजानमध्ये पहिले काही दिवस वर हरीसची वाटी आली नाही. मग आली. त्याबद्दल आम्ही दोघी बोललो नाही.

दोन महिन्यांत तो व्हिला रिकामा झाला. देगलूरच्या मुलाचा मेसेज आला : "सलमाबादला आहे ताई. एका खोलीत बारा जण. तुमच्याकडे बरं होतं."

आता त्या व्हिलात सुतारकाम चालू आहे. मालक चार फ्लॅट पाडतोय, फक्त फॅमिलीसाठी. म्हणजे चार बिऱ्हाडं, सहा-सात गाड्या. परवा मी खालांना विचारलं, पार्किंगचं कसं होणार? त्या हसून म्हणाल्या, "फॅमिली है ना. चलेगा."

मी कागद घेऊन खाली जावं का, याचा विचार करतेय. यावेळी सही त्यांनी करायची आहे.