ते सगळं सांगत होतं!

लिनक्स बंद पडलं, की का बंद पडलं हे ते स्वतःच सांगतं! मला हे कळलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. स्टाफरूममध्ये सांगून झालं, घरी सांगून झालं, आता तुम्हाला सांगते. वर्षानुवर्षं संगणक वापरला, प्रश्नपत्रिका टाइप केल्या, निकालपत्रकं केली. पण बटण दाबल्यापासून लॉगिनचा चौकोन येईपर्यंत आत काय काय घडतं, ते कधी पाहिलंच नव्हतं. ते पाहायला मिळालं एका बिघाडामुळे. आणि काय पाहिलं म्हणून सांगू!

माझा लॅपटॉप जुना. बॅटरीने कधीच मान टाकलेली, चार्जर लावला तरच चालणारा. त्यावर डेबियन घराण्यातलं लिनक्स घातलं आणि तो पुन्हा तुरुतुरु चालायला लागला. मे महिन्यातली दुपार, वळवाचं आभाळ भरून आलेलं, अपडेट चालू होतं आणि लाइट गेली. परत आल्यावर बटण दाबलं, तर काळा पडदा! त्यावर पांढऱ्या अक्षरांत ओळींवर ओळी, आणि कीबोर्डवर कॅप्स लॉकचा दिवा एकसारखा लुकलुकतोय.

माझा भाचा पुण्यात सर्व्हर सांभाळायच्या नोकरीत आहे. त्याला फोन लावला. म्हटलं, "अरे, लॅपटॉप गेला बहुतेक."

"मावशी, बंद नको करूस. सगळ्यात खालची ओळ वाचून दाखव आधी."

वाचली. 'एंड कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टु माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक', आणि पुढे कंसात शून्य, शून्य.

"बघ, सांगितलं की त्याने काय झालंय ते!" भाचा म्हणाला. आणि मग फोनवरच त्या एका ओळीची अशी काही उकल झाली, की मी जेवायचं विसरले.

ओळीतला शब्द न् शब्द कामाचा आहे. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 1991 साली लिहायला घेतला, तोच हा. तो सुरू झालेला आहे, म्हणजे प्रोसेसर ठीक आहे आणि मेमरीही त्याला मिळालेली आहे. सगळी व्यवस्था ज्या फाइल-सिस्टिमवर उभी असते, ती 'रूट' त्याला जोडता आलेली नाही. शून्य-शून्य म्हणजे कुठल्या डिस्कवर शोधायचं, याचाच त्याला पत्ता नाही. आणि 'नॉट सिंकिंग'? मेमरीत जे काही अर्धवट असेल ते मी आता डिस्कवर लिहिणार नाही, असं कर्नल सांगतोय. अशा अवस्थेत काही लिहिलं, तर चांगल्या फाइलींचाही चुथडा व्हायचा. कोसळतानासुद्धा तुमचं सामान सांभाळायची ही काळजी! तो लुकलुकणारा दिवाही कर्नलचंच काम. पडदा पूर्ण काळा राहिला, तरी माणसाला कळावं की मी थांबलो आहे, म्हणून केलेली ही सोय.

पण त्याला डिस्क का सापडेना? डिस्क तर जागेवरच होती. इथे मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात सुंदर गोष्ट कळली.

लिनक्सचा एकच कर्नल हजारो तऱ्हांच्या यंत्रांवर चालवायचा असतो. प्रत्येक डिस्कचा, प्रत्येक कंट्रोलरचा ड्रायव्हर त्याच्या पोटात कोंबला तर तो अवाढव्य होईल. म्हणून बहुतेक ड्रायव्हर वेगळे, मॉड्यूल म्हणून डिस्कवर ठेवतात. आता पेच बघा: डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर त्याच डिस्कवर! किल्ली घरात आणि दाराला कुलूप. यावर लिनक्सने काढलेला तोडगा म्हणजे इनिट-रॅम-एफएस. अत्यावश्यक ड्रायव्हर आणि थोडी अवजारं बांधलेली एक लहानशी पुरचुंडी. बूटलोडर कर्नलबरोबरच ती मेमरीत उतरवतो. कर्नल आधी तीच आपली फाइल-सिस्टिम म्हणून वापरतो, तिच्यातला ड्रायव्हर घेऊन खरी डिस्क ओळखतो, रूट जोडतो, कारभार तिकडे सोपवतो. ती पुरचुंडी मग मेमरीतून मोकळी होते. रोज सकाळी लॅपटॉप चालू करताना माझ्यासमोर हे काही क्षणांत घडत होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता!

"मावशी, तुझी लाइट गेली ना, ती बहुतेक नवा कर्नल बसल्यावर आणि त्याची पुरचुंडी बांधून व्हायच्या आत गेली असणार," भाचा म्हणाला. "पण जुना कर्नल असेल अजून. ग्रब उघड."

ग्रब म्हणजे बूटलोडर, कर्नल निवडून त्याला उठवणारा प्रोग्राम. माझ्या लॅपटॉपवर तो एरवी दिसतही नाही. चालू करताना एस्केप दाबलं आणि मेनू आला. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', आणि त्यात दोन कर्नल! नवा आणि त्याच्या आधीचा. नवा कर्नल आला तरी ही व्यवस्था आधीचा लगेच पुसून टाकत नाही. अशाच वेळेसाठी तो राखून ठेवते. जुना निवडला, एंटर मारलं. पडद्यावर 'रिकव्हरिंग जर्नल' असं काहीसं झरकन सरकलं आणि लॉगिन आलं! माझ्या सगळ्या फाइली, सगळी निकालपत्रकं जशीच्या तशी. ते 'जर्नल' म्हणजे एक्स्ट-फोर फाइल-सिस्टिमची वही. काय बदलणार आहे, याची नोंद आधी तिथे होते आणि मग बदल पक्का होतो. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी वही वाचून फाइल-सिस्टिम सावरून घेतली जाते.

आता लॅपटॉप चालू झाला होता, पण मला चैन कुठली! पुरावा डोळ्यांनी बघायचा होता. टर्मिनल उघडून बूट नावाच्या फोल्डरची यादी काढली. जुन्या कर्नलच्या क्रमांकाच्या फाइली ओळीने हजर: व्हीएमलिनझ म्हणजे खुद्द कर्नल, कॉन्फिग, सिस्टिम-मॅप, आणि इनिटआरडी म्हणजे ती पुरचुंडी. खाली नव्या कर्नलचा क्रमांक: व्हीएमलिनझ आहे, कॉन्फिग आहे, सिस्टिम-मॅप आहे... आणि इनिटआरडी नाही! नाहीच! कर्नलने काळ्या पडद्यावर जे सांगितलं होतं, त्याचं कारण असं यादीतल्या एका मोकळ्या जागेत माझ्यासमोर होतं. मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

मग नोंदवह्या उघडल्या. व्हार फोल्डरात लॉग नावाचं फोल्डर आहे आणि त्यात डीपीकेजीची नोंदवही. डीपीकेजी म्हणजे डेबियन घराण्यात पॅकेज बसवणारं मुख्य अवजार. कुठलं पॅकेज कुठल्या क्षणी कुठल्या अवस्थेत होतं, ते तिथे तारीख-वेळेसकट लिहिलेलं असतं. कर्नलच्या पॅकेजपुढे शेवटची अवस्था होती 'हाफ-कॉन्फिगर्ड'. अर्धंमुर्धं बसलेलं. मग जर्नल-सीटीएल, म्हणजे यंत्राच्या नोंदी दाखवणारी आज्ञा. तिला मागच्या वेळच्या सत्राच्या नोंदी मागितल्या. एरवी यंत्र रीतसर बंद केलं, की एकेक सेवा थांबल्याची नोंद होत होत शेवट होतो. या सत्राच्या नोंदी मात्र चालू कामाच्या मध्येच तुटलेल्या. लाइट नेमकी कधी गेली, ते मला माझ्या लॅपटॉपने सेकंदासकट सांगितलं!

आणि आता कळस ऐका. दुरुस्ती कशी करायची ते भाच्याला विचारायला फोन उचलला, पण त्याआधी म्हटलं, राहिलेलं अपडेट पुन्हा सुरू करून तर बघू. आज्ञा दिली. उत्तर आलं: डीपीकेजीच्या कामात खंड पडला होता, तो दूर करायला तुम्ही स्वतः पुढची आज्ञा चालवा. आणि पुढे ती आज्ञा अक्षर न् अक्षर लिहून दिलेली! सुडो, डीपीकेजी, कॉन्फिगर, ए. रोगाबरोबर औषधाची चिठ्ठीही तयार. मी फोन खाली ठेवला आणि ती आज्ञा जशीच्या तशी टाइप केली.

ओळी सरकायला लागल्या. अर्धवट राहिलेली पॅकेजं एकामागून एक मार्गी लागली. मग 'जनरेटिंग' आणि पुढे त्याच नव्या कर्नलच्या इनिटआरडीचं नाव. इथे ते जरा रेंगाळलं, कारण पुरचुंडी बांधली जात होती. मग ग्रबची यादी नव्याने झाली: 'फाउंड लिनक्स इमेज', आणि तिच्या खाली, माझी वाट पाहत असल्यासारखी, 'फाउंड इनिटआरडी इमेज'. रिस्टार्ट केलं. नवा कर्नल, नेहमीचं लॉगिन. भाच्याला फोन केला तो फक्त ओरडायला!

त्या दिवसापासून मला एक नकाशा दिसायला लागला आहे. बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं, ते ग्रबला उठवतं, ग्रब कर्नलला आणि पुरचुंडीला, पुरचुंडीतून खरी डिस्क जोडली जाते, मग पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया म्हणून सिस्टिमडी उभं राहतं, ते बाकीच्या सेवा सुरू करतं, आणि शेवटी लॉगिन. ही साखळी जिथे तुटते तिथला पडदा वेगळा असतो. 'ग्रब रेस्क्यू' असं दिसलं, तर ग्रबला त्याच्या फाइली मिळालेल्या नाहीत. माझी ओळ दिसली, तर कर्नल उठलाय, पण रूटपर्यंत पोचलेला नाही. 'इमर्जन्सी मोड' आलं, तर सिस्टिमडी उभं आहे, पण पुढे काहीतरी जोडलं गेलेलं नाही. कुठे थांबलं एवढं नीट पाहिलं, की निम्मं निदान झालं!

हे पडताळून पाहायचा चस्काच लागलाय मला. भाच्याने व्हर्च्युअल मशीन करून दिलं: संगणकाच्या आत एक लुटुपुटीचा संगणक. त्यात डेबियन घातलं, स्नॅपशॉट घेतला, म्हणजे त्या क्षणाची स्थिती राखून ठेवली, आणि मुद्दाम मोडतोड सुरू केली. इनिटआरडीचं नाव बदललं, ग्रबची यादी नव्याने केली, मशीन पुन्हा चालू केलं. तीच ओळ, तेच शून्य-शून्य! मग एफएसटॅबमध्ये हात घातला. कुठलं विभाजन कुठे जोडायचं, याची ती साधी मजकुराची फाइल. होमसाठीच्या विभाजनाचा जो लांबलचक ओळखक्रमांक असतो, त्यातलं एकच अक्षर बदललं. चालू करताना सिस्टिमडी थबकलं, त्या विभाजनाची वाट पाहत नव्वद सेकंद मोजले, आणि मग इमर्जन्सी मोड. आणि तिथेही पडद्यावर लिहिलेलं काय? लॉगिन करा आणि नोंदी पाहायला जर्नल-सीटीएल ही आज्ञा अशी चालवा! पुन्हा चिठ्ठी हातात! आज्ञा चालवली, नोंदीत तो चुकीचा ओळखक्रमांक सापडला, नॅनो एडिटरमध्ये अक्षर पूर्ववत केलं, मशीन सुरळीत.

ही पारदर्शकता आभाळातून पडलेली नाही. 1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं, आणि 1971 च्या नोव्हेंबरमध्येच त्याची पहिली मॅन्युअल आली. आजही टर्मिनलवर मॅन लिहून पुढे जवळपास कुठल्याही आज्ञेचं नाव टाका, त्याच धाटणीचं पान उघडतं. नोंदींच्या ढिगातून हवी ती ओळ वेचणारं ग्रेप 1973 पासूनचं, तेही थॉम्पसन यांचंच. मी ज्या अवजारांनी माझा लॅपटॉप दुरुस्त केला, ती कुण्या गुप्त खोलीतली नाहीत. 2017 च्या नोव्हेंबरपासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. 2021 मध्ये मंगळावर उडालेलं इंजेन्युइटी हेलिकॉप्टरही लिनक्सवरच! अशा कामांतले अभियंते ज्या घराण्याची अवजारं वापरतात, ती माझ्या बॅटरी गेलेल्या लॅपटॉपवरही आहेत, फुकट आहेत आणि त्यांची पानं मला कुणाच्या परवानगीशिवाय वाचता येतात.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे. तुमचं लिनक्स बंद पडलं, की लगेच सगळं पुसून नव्याने घालायला धावू नका. पडद्याचा फोटो काढा. खालची ओळ अक्षरशः वाचा. साखळीत कुठे थांबलं ते ठरवा. ग्रबमधून जुना कर्नल चालवून बघा. तो चालला नाही, तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू करा, आपली डिस्क जोडा, आणि सीएच-रूटने तिच्या आत शिरून हीच दुरुस्ती करा. 1979 पासून युनिक्समध्ये असलेली ही वाट आहे. आणि ज्यांचं अजून काहीच बिघडलेलं नाही, त्यांनी या रविवारी एक व्हर्च्युअल मशीन करावं, स्नॅपशॉट घ्यावा आणि काहीतरी मुद्दाम मोडावं. मी नववीच्या मुलांना हेच करायला लावणार आहे. आधी मोडा, मग ओळ वाचा, मग जोडा. 'फाउंड इनिटआरडी इमेज' ही ओळ ज्याला स्वतःच्या हाताने पडद्यावर आणता आली, त्या मुलाला यापुढे कुठलंच यंत्र परकं वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे!