आवाज मोठा हवा की शब्द स्पष्ट?

आपल्या गायन पार्ट्यांमध्ये अलीकडे एक नवे वाद्य येऊन बसले आहे, ते म्हणजे गिटार. हार्मोनियम, ढोलक, बेंजो आणि टाळ्या यांवर वाढलेले भीमगीत आता काही ठिकाणी गिटारवरही वाजू लागले आहे. मुंबईकडे कबीर शाक्य यांच्या ‘धम्मा विंग्स’ने बुद्ध-भीमविचार रॉक संगीतातून मांडला. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ जानेवारी २०१८ मध्ये प्रथम मंचावर आले. आपली मुले हे सारे मोबाईलवर पाहतात. तेव्हा भंडारा जिल्ह्यातील एखाद्या विहारातल्या पोराने गिटार हाती घेतली, तर त्यात नवल ते काय? आणि नाक मुरडण्याचेही कारण नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला, तोही तमाशाचा बाज घेऊनच. वाद्य कुठले, हा प्रश्न नाही. त्यातून सांगायचे काय आणि ते ऐकू येते काय, हा प्रश्न आहे.

आमच्या विहाराच्या गायन पार्टीतही असा एक गिटार वाजवणारा मुलगा आहे. त्याच्याकडे ४० वॅटचा लहान ॲम्प्लिफायर आहे. त्यातच दहा इंची एक स्पीकर बसवलेला. घरात तो पुरेसा वाजतो. परंतु मोकळ्या मैदानात, मंडपाच्या कापडाखाली, पुढच्या दोन रांगांच्या कानात तो घुसतो आणि मागच्या लोकांना गिटार आहे की नाही तेच कळत नाही. तेव्हा त्याला जोडायला वेगळा स्पीकर बॉक्स घ्यावा, असा विषय बैठकीत निघाला.

विषय लहान, पण बैठक तापली. तरुण म्हणाले, एकदाच डीजेसारखा मोठा बॉक्स घेऊन टाकू, सारे गाव हलले पाहिजे. ज्येष्ठ म्हणाले, गिटारच नको, पैसा विहाराच्या छपराला लावा. हे पैसे कुणाचे, हे हिशेब ठेवणारा या नात्याने आम्हाला ठाऊक होते. त्यात बिड्या वळणाऱ्या आयाबहिणींची वर्गणी होती. हजार बिड्या वळाव्यात तेव्हा कुठे मजुरी हाती पडते. त्या मजुरीतून आलेला रुपया नुसत्या हौसेवर घालवता येत नाही. शेवटी एक आजी उठून म्हणाल्या, “पोट्टेहो, गाना समजला पायजे. निरा छातीत धमधम झाल्यानं का समजते?” त्या एका वाक्याने आमचे काम सोपे केले. बॉक्स घ्यायचा, पण शब्द ऐकू यावेत म्हणून घ्यायचा, असे ठरले आणि चौकशीचे काम आमच्याकडे आले.

नागपुरातील एका दुकानात आम्हाला सर्वप्रथम वॅट सांगण्यात आले. हा दोनशेचा, हा तीनशेचा! वॅट म्हणजे आवाज, अशी आपल्या लोकांची समजूत असते. वास्तविक स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती ताकद सहन करू शकतो त्याचा आकडा. आवाज मोजतात डेसिबलमध्ये. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे दहापट ताकद लागते. म्हणून स्पीकरच्या कागदावर ‘१ वॅटला १ मीटरवर इतके डेसिबल’ असा जो आकडा असतो, तो आधी पाहावा. ९७ डेसिबलच्या ऐवजी १०० डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तोच ॲम्प्लिफायर दुप्पट ताकदीचा असल्यासारखा वाजतो. वरचा एक पैसा ॲम्प्लिफायरवर खर्च न करता हे काम होते.

दुसरी गोष्ट ओहमची. ही न पाहता बॉक्स जोडला तर ॲम्प्लिफायर जळू शकतो. त्या मुलाच्या ॲम्प्लिफायरमागे जादा स्पीकरसाठी एक भोक आहे आणि त्याशेजारी ‘एकूण किमान ४ ओहम’ असे लिहिले आहे. आतला स्पीकर ८ ओहमचा आहे. बाहेरून ८ ओहमचा बॉक्स लावला की दोन्ही समांतर जोडले जाऊन एकूण ४ ओहम होतात. ताकद दोघांत सारखी वाटली जाते, म्हणजे प्रत्येकाला २० वॅट. बाहेरचा बॉक्स ४ ओहमचा घेतला असता, तर एकूण पावणेतीन ओहमच्याही खाली गेले असते आणि ॲम्प्लिफायरवर नको तितका भार आला असता. १६ ओहमचा चालतो, पण त्याच्या वाट्याला एक तृतीयांश ताकद येते. काही ॲम्प्लिफायरमध्ये बाहेरची पिन घातली की आतला स्पीकर बंद होतो. मग हिशेब बदलतो. म्हणून मागची पाटी वाचल्याशिवाय खिशात हात घालू नये. जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असेल, तर त्यावर सांगितलेलाच ओहम जुळवावा आणि स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही वाजवू नये. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाण्याची भीती असते. विहारातील भोंग्यांच्या ॲम्प्लिफायरवर १०० व्होल्टची लाईन असते, तिला गिटारचा बॉक्स चुकूनही लावू नये.

तिसरी गोष्ट आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. गिटारचा बॉक्स हा गिटारसाठीच असतो, गळ्यासाठी नाही. त्याचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वर हात टेकतो. गिटारला तेच शोभते. पण आपल्या बोलण्यातील ‘स’, ‘श’, ‘च’ यांचा बारीक आवाज त्याच्याही वर पोहोचतो. मोठा बॉक्स आहे म्हणून त्यातच गायकाचा माईक जोडला, तर आवाज घुमेल, पण ‘समता’चा ‘स’ हरवेल. गायकाचा माईक विहाराच्या साऊंडलाच लावायचा आणि गिटार त्याच्या खाली ठेवायची, हे आम्ही पार्टीला लिहूनच दिले. ज्या दिवशी भाड्याचा मोठा साऊंड असतो, त्या दिवशी तर या बॉक्सचीही गरज नाही. लहान ॲम्प्लिफायरसमोर एक माईक धरला की काम भागते. बॉक्स हवा तो वाड्या-वस्त्यांवरच्या लहान कार्यक्रमांसाठी, जिथे दोनच माईक असतात.

आम्ही शेवटी बारा इंची एकच स्पीकर घेतला, ८ ओहमचा, ६० वॅट सोसणारा. पेटी इथल्याच सुताराकडून १८ मिलिमीटरच्या प्लायवुडची करून घेतली. भुशाच्या दाबलेल्या फळीची पेटी स्वस्त पडते, पण आमचा भाग धानाचा, पावसाचा. पाणी लागले की ती फळी फुगते. पाठ बंद ठेवली. उघड्या पाठीच्या पेटीचा आवाज मागेही जातो, खोलीत तो भिंतीवरून परत येतो; मंडपात मागे भिंतच नसते. जोडायला दोन तारांची जाड वायर घेतली, गिटारची बारीक दोरी वापरली नाही. ठरलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमीत भागले. उरलेले पैसे छपराच्या खात्यात जमा झाले आणि पावत्या विहाराच्या फलकावर लागल्या.

बुद्धपौर्णिमेला पार्टी बसली, तेव्हा एका बाजूला ॲम्प्लिफायर आणि दुसऱ्या बाजूला, खुर्चीवर उंच केलेला, हा बॉक्स होता. आवाजाचे बटन पूर्वीपेक्षा खाली होते. जादा बॉक्सचा खरा उपयोग आवाज वाढवण्यात नाही, तो पसरवण्यात आहे, हे त्या दिवशी सर्वांच्या लक्षात आले. पुढे बसलेल्या लेकरांनी कानावर हात ठेवले नाहीत आणि मागच्या बाया गाण्याबरोबर ओळी म्हणत होत्या. तो मुलगा आम्हाला म्हणाला, “काकाजी, ढोलकवाले भाऊ आज पहिल्यांदा माझ्याकडे पाहून ठेका देत होते.” दोघांना एकमेकांचे ऐकू आले, याहून मोठी मिळकत कोणती?

वाचक बंधू-भगिनींनो, कायदाही हेच सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो आणि वाजवायला परवानगी घ्यावी लागते. शासन वर्षातून ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत देऊ शकते. पण कायदा नसता तरी काय? त्याच वस्तीत आपलाच आजारी माणूस झोपलेला असतो, आपलेच लेकरू परीक्षेचा अभ्यास करत असते. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले, आणि त्यांच्याच जयंतीच्या आवाजाने शिकणाऱ्याचे पुस्तक मिटावे, हे कसे चालेल?

१९५४ साली याच भंडारा मतदारसंघातून बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. त्यांचा पराभव झाला. तरी त्यांचे विचार इथल्या घराघरांत टिकले, आणि टिकले ते गाणाऱ्यांच्या गळ्यातून. वामनदादा कर्डकांसारख्यांनी गावोगाव फिरून जे पोहोचवले, ते शब्द होते. आता ते पोहोचवण्याची पाळी गिटार वाजवणाऱ्या या पोरांची आहे. त्यांना वाद्य द्या, बॉक्सही द्या, पण घेण्यापूर्वी दुकानात किती वॅट एवढेच विचारू नका. किती ओहम, किती डेसिबल, हे विचारा आणि सर्वांत आधी स्वतःला विचारा की मागच्या रांगेत बसलेल्या माउलीला यातून शब्द ऐकू येणार आहेत काय?

जयभीम!