उद्योजकतेच्या धड्यात उधारी नव्हती

दरवर्षी पदवीच्या पहिल्या वर्षाला 'उद्योजकता' हे प्रकरण सुरू करताना मी वर्गाला विचारतो, "शिकून झाल्यावर स्वतःचा धंदा कोण करणार?" साठ-सत्तर मुलांत पाच-सहा हात वर होतात. त्यातले निम्म्याहून जास्त हात उल्हासनगरच्या दुकानदारांच्या मुलांचे. अंबरनाथ-बदलापूरची मुलं एकमेकांकडे बघून हसतात. "सर, आमच्याकडे कोणीच धंदा केलेला नाही." हे वाक्य बहुतेक सगळी अशा सुरात म्हणतात, जणू ती घरातली एखादी आनुवंशिक गोष्ट आहे.

तशी ती नाही. कल्याण ते बदलापूर हे अंतर लोकलने जेमतेम १४ किलोमीटर. पण एवढ्यात तीन वेगळ्या स्वभावांची गावं लागतात, आणि तो स्वभाव रक्तातून आलेला नाही, परिस्थितीतून आलाय. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथल्या बराकींमध्ये लाखभर सिंधी निर्वासितांना ठेवलं. १९४९ मध्ये गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं, पण लोकांच्या तोंडी आजही कॅम्प एक ते कॅम्प पाचच. त्या माणसांकडे शेत नव्हतं, नोकरी नव्हती, ओळखीचं कोणी नव्हतं. मग घरात पापड लाटून विकले, गाडीत गोळ्या-बिस्किटं विकली, आणि पुढे फर्निचर, कपडे, जीन्स. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आपण हसत सांगतो, पण त्यामागे किती रात्री जागलेल्या असतील ते कोणी सांगत नाही.

अंबरनाथचं वेगळं. तिथे १९२०च्या दशकात काड्यापेटीचा मोठा कारखाना आला, मग ऑर्डनन्स फॅक्टरी, आणि १९६२ मध्ये महामंडळ स्थापन झाल्यावर एमआयडीसी. त्यामुळे अंबरनाथच्या घरात सगळ्यात आनंदाचं वाक्य म्हणजे "पोरगा कंपनीत लागला." आणि बदलापूर हे पहाटेच्या लोकलचं गाव. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. तिथल्या वडिलांचं अर्धं आयुष्य डब्यात लोंबकळण्यात गेलेलं. त्यांना मुलाने तरी एसी ऑफिसात बसावं असं वाटलं, तर त्यात चूक काय?

हे सगळं मी वर्गात रंगवून सांगायचो. मग पुस्तकातले उद्योजकाचे गुण: धाडस, चिकाटी, नेतृत्व, जोखीम घेण्याची तयारी. शेवटी "नोकऱ्या मागणारे नका होऊ, देणारे व्हा." टाळ्या पडायच्या. मलाही बरं वाटायचं.

काही वर्षांपूर्वी अंबरनाथच्या एका मुलीने हे सगळं खरं मानलं. वडील एमआयडीसीत फिटर. तिने काय केलं, तर कॅम्प पाचमधल्या जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांतून कापून उरलेली कतरण किलोवर विकत आणली आणि त्याच्या पिशव्या शिवल्या. कॉलेजच्या महोत्सवात स्टॉल लावला. दोन दिवसांत सगळ्या पिशव्या संपल्या. मी तिला स्टेजवर बोलावून पुष्पगुच्छ दिला. त्या जोरावर तिच्या आईने पाटल्या गहाण ठेवल्या, चाळीस हजार आले, त्यातून दोन मशिनं घेतली. शेजारच्या दोन बायका शिवायला येऊ लागल्या.

सहा महिने छान चाललं. मग बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने एकदम दोनशे पिशव्या मागितल्या, दीडशे रुपये नगाने. तीस हजारांची ऑर्डर! तिने मला फोन करून सांगितलं. मी म्हणालो, "शाब्बास!" पैसे कधी देणार, हे मी विचारलं नाही. तिनेही विचारलं नव्हतं. सगळं फोनवर ठरलेलं, कागद एकही नाही.

आठ हजार आले. उरलेले बावीस हजार "पुढच्या आठवड्यात" होते. असे चार महिने पुढचे आठवडे गेले. शिवणाऱ्या बायकांची मजुरी तुंबली, सोन्यावरचं व्याज चढलं, परीक्षेत एक विषय राहिला.

मग तिची आई कॉलेजात आली. मी खुर्ची दिली, पण बसल्या नाहीत. भांडायला आल्या नव्हत्या, आवाज अगदी हळू होता. म्हणाल्या, "सर, तुमचा पगार एक तारखेला होतो ना?"

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्या संध्याकाळी मी पुस्तक पुन्हा काढलं. उद्योजकाचे गुण होते, व्याख्या होत्या, शासकीय योजनांची यादी होती. उधारीवर एक ओळ नव्हती. आणि माझ्या वर्गात मागच्या बाकावर दुकानदारांची जी मुलं बसतात, त्यांना ते सातवीतच ठाऊक असतं. दुकानात 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी असते, पण आत गल्ल्यावर कोणाला किती दिवस थांबायचं, कोणाला पहिला माल थोडाच द्यायचा, कोणाच्या "देतो" वर विश्वास ठेवायचा, हे काका-बाबा बोलतात ते पोर ऐकत असतं. ज्याला आपण त्यांचं 'रक्त' म्हणतो ते इतकंच आहे: रोज संध्याकाळी दोन तास दुकानात बसणं. फिटरच्या मुलीला ते कोण सांगणार होतं? मीच सांगायला हवं होतं, आणि त्यासाठी आधी मला ते माहीत असायला हवं होतं.

मग मी शिकलो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा आहे. त्यात खरेदीदाराने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियमही असा झाला की मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही. नुसत्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला हे संरक्षण नाही, पण ती तर स्वतः माल बनवत होती. अट एकच, 'उद्यम' नोंदणी माल देण्याआधी करून ठेवावी. ती शासनाच्या संकेतस्थळावर फुकट होते. (पालकांनी लक्षात ठेवावं, त्यासाठी हजार-दोन हजार मागणारे एजंट गल्लोगल्ली आहेत.) तिची नोंदणी नव्हती. ती आता केली. जुन्या पैशांसाठी व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आणि टेम्पोची पावती एवढाच पुरावा. त्या जोरावर पत्र लिहिलं, फोन सुरू ठेवले. दोन हप्त्यांत १०,६०० रुपये आले.

योजनांबद्दलही आपण अर्धंच सांगतो. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनासाठी लाखोंचा प्रकल्प करता येतो, हे ऐकून मुलांचे डोळे चमकतात. पण अनुदान हातात पडत नाही, ते बँकेत ठेवलं जातं आणि धंदा चालू राहिला तर नंतर कर्जात वळतं, हे सांगायचं राहतं. कर्ज हे कर्जच असतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव मी अजूनही घेतो, पण आता वेगळ्या गोष्टीसाठी. मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत असताना ते सायकली विकत घेऊन बेळगावला भाऊ रामूअण्णांकडे विकायला पाठवायचे. म्हणजे पगार चालू होता, आणि पलीकडे घरचं माणूस होतं. पुढे लोखंडी नांगर केला तर तो आधी खपेना, कारण लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती औंधच्या राजांनी आधार दिला म्हणून. धाडस होतंच हो, पण धाडसाखाली काहीतरी अंथरलेलं होतं.

आता मी टाळ्यांचं भाषण करत नाही. पहिल्या सत्रात प्रत्येकाने चार संध्याकाळी एखाद्या दुकानात किंवा गाळ्यात बसायचं आणि मालक उधारी कशी सांभाळतो ते दोन पानं लिहायचं. शेवटी एक प्रश्न सक्तीचा: इथलं सांडपाणी कुठे जातं? वालधुनीच्या काठी १०६० सालचं शिवमंदिर आहे, आणि त्याच नदीत आपण रंगीत पाणी सोडत आलो. प्रदूषणावरून कारवाई झाली आणि जीन्स धुणारे कारखाने बंद पडले तेव्हा किती हातांचं काम गेलं, हे कॅम्प पाचच्या मुलांना ठाऊक आहे. आर्थिक वाढ असं लिहिताना तेही लिहावं लागतं.

ती मुलगी सध्या एका सीएच्या ऑफिसात नोकरी करते. पिशव्या सुरू आहेत, शनिवार-रविवार. त्याच दोन बायका शिवतात. ऑर्डर कागदावर, निम्मे पैसे आधी. पाटल्या सुटल्या, पण दोन वर्षं लागली.

यंदा तिला वर्गात बोलावलं. पुष्पगुच्छ आणला नव्हता. तिने फळ्यावर एकच आकडा लिहिला, ११,४००, आणि त्या दोनशे पिशव्यांची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "ताई, अजून फोन करता त्याला?"

"दर महिन्याच्या पाच तारखेला," ती म्हणाली. "आता तो उचलतो तरी."