मेथी दहाला जुडी!

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, बाल आनंद मेळावा आता बहुतेक शाळांत भरतो. भेळ, वडापाव, भाजीपाला, फीत कापली, फोटो काढले, की झालं! पण त्यातून मुलांच्या हाती नेमकं काय लागतं?

आमचं वरवंड पुणे-सोलापूर महामार्गावरचं शेतीचं गाव. घरोघरी माल पिकतो. पण घरातल्या कुणाला गिऱ्हाइकाशी भाव करताना पोरांनी फारसं पाहिलेलंच नसतं. ऊस कारखान्याला नाहीतर गुऱ्हाळाला, दूध डेअरीला, कांदा केडगावच्या बाजारात. भाव सांगणारा कायम दुसराच. त्यामुळे मेळाव्यात 'मेथी दहाला जुडी' म्हणून ओरडणारं पोर कित्येक घरांत भाव सांगणारं पहिलंच असतं.

गेल्या मेळाव्यात चौथीतली एक मुलगी मेथीच्या 20 जुड्या घेऊन बसली. वर्गात हजेरीलासुद्धा जेमतेम आवाज निघायचा. वडिलांना हे पसंत नव्हतं. "आमच्या पोरीनं भाजी विकायची का, सर?" आईनं मात्र मेथी आणून दिली, जुडी सहा रुपयांना पडली होती.

पहिला अर्धा तास मान खालीच. शेजारचा पोरगा "या मावशी, या काका" करत लिंबं खपवत होता. एका पालकांना तिची दया आली, सगळ्याच जुड्या घेतो म्हणाले. मी त्यांना थांबवलं. कठोर वाटेल, वाटू द्या. दयेनं खपलेल्या मालातून पोर काय शिकणार?

मग एक बाई आल्या, जुडी उलटीपालटी करून "बारीक आहे गं" म्हणत निघून गेल्या. मुलीचा चेहरा पडला. पण तिनं कोमेजलेली पानं काढली, चांगल्या जुड्या पुढं मांडल्या. पुढच्या मावशींनी विचारलं, "पंधराला दोन देतेस का?" ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग हळू, पण स्पष्ट म्हणाली, "नाय परवडत मावशी. अठराला दोन घ्या."

मावशींनी घेतल्या. त्यानंतर ती खाली बसलीच नाही. उभं राहून हाका मारायला लागली!

17 जुड्या गेल्या. गल्ल्यात 168 रुपये, मेथीचे 120 वजा जाता 48 उरले. वजाबाकी तिनंच फळ्यावर करून दाखवली. तीन जुड्या का राहिल्या विचारलं तर म्हणाली, "पाणी मारायला पायजे होतं."

पालकहो, एक विनंती. पोरांच्या स्टॉलमागं तुम्ही उभे राहू नका. सुट्टे पैसे मोजताना चुकतील, चुकू द्या.

आठवड्यानं तिचे वडील शाळेत आले. म्हणाले, "सर, आपल्या कांद्याचा भाव आपण का नाय सांगत, असं इचारती." उसाची एफआरपी केंद्र सरकार ठरवतं, कांद्याच्या लिलावात व्यापारी बोली लावतात, एवढं मी सांगितलं.

"ते मला म्हाईत हाय, सर. तिला काय सांगू?"