ट्रेंटनला गाडी बदलून

कळव्याला फास्ट लोकल थांबत नाही. ठाण्याला उतरायचं, पूल चढायचा आणि गर्दीतून वाट काढत स्लो पकडायची, हे आमच्या अंगात मुरलेलं. त्यामुळे भाचीने फोनवर जेव्हा सांगितलं, "आत्या, नेवार्क विमानतळावरून ॲमट्रॅक घेऊ नकोस, ट्रेंटनची साधी गाडी घे, तिथे उतरून फिलाडेल्फियाची सेप्टा पकड, बरेच पैसे वाचतात," तेव्हा मला अमेरिका एकदम ओळखीची वाटली.

मी दंतवैद्य. कळव्याच्या मनीषा नगरात माझा दवाखाना आहे. बीडीएस आणि इंटर्नशिप संपल्यावर भाची माझ्याकडेच बसायची. दिवसा पेशंट, आणि रात्री शटर अर्धं खाली ओढून टायपोडाँटवर, म्हणजे प्लास्टिकचे दात स्क्रूने बसवलेल्या जबड्यावर, सराव. अमेरिकेत आपली बीडीएस पदवी चालत नाही. तिथे दवाखाना थाटायचा तर बहुतेक राज्यांत तिथल्याच कॉलेजातून पुन्हा पदवी घ्यावी लागते. परदेशी दंतवैद्यांना त्यासाठी वरच्या वर्गात प्रवेश मिळतो आणि दोन-अडीच वर्षांत सुटका होते. पण त्याआधी लेखी परीक्षा, अर्ज, मुलाखत आणि पुष्कळ ठिकाणी बेंच टेस्ट. परीक्षकासमोर प्लास्टिकची दाढ कॅपसाठी घासून दाखवायची. वरून दीड-दोन मिलिमीटर, बाजूंनी त्याहून कमी, आणि शेजारच्या दाताला ओरखडासुद्धा नको. रात्री अकराला कॉम्प्रेसर सुरू झाला की वरच्या मजल्यावरचे काका तणतणत खाली यायचे.

खर्च कोटीच्या पुढे जातो. दादाने डोंबिवलीचं घर तारण ठेवलं. घरात कोणी त्याबद्दल फार बोललं नाही, पण त्या वर्षी गणपतीला मखर मात्र जुनंच होतं.

सप्टेंबरात मी तिला भेटायला निघाले. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी तुंबलेलं नव्हतं, म्हणजे शकुन चांगला. बॅगेत भाजणी, गोडा मसाला आणि कुळथाचं पीठ. आमच्याकडे काढलेले दात बाटलीत साठवून ठेवायची पद्धत असते. ज्युनिअर मुलं रूट कॅनलच्या सरावासाठी ते मागून नेतात. भाचीने चेष्टेत ती बाटलीही मागितली होती. पण अमेरिकेच्या कस्टम्ससमोर माणसाच्या दातांचा खुलासा करत बसायची माझी तयारी नव्हती. विमानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, खूप लांब असतं एवढंच.

नेवार्कहून सुटलेली न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी मेट्रोपार्क, एडिसन करत निघाली. एडिसनच्या आसपास डब्यात गुजराती, तेलुगू आणि दोन आसनं सोडून चक्क मराठीही ऐकू आलं. विषय होता शेंगदाण्याच्या कुटाचा. ट्रेंटनला गाडी बदलली. सेप्टा सुटली आणि लगेच डेलावेअर नदी लागली. शेजारच्या पुलावर प्रचंड अक्षरांत लिहिलंय, 'ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स'. कारखाने चालायचे त्या काळची ती ऐट. मुकंद कारखान्याचे भोंगे ऐकत वाढलेल्या माणसाला अशी पाटी वाचून थोडं हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं.

फिलाडेल्फियाला थर्टिएथ स्ट्रीट स्टेशनवर भाची उभी होती. तिथून ट्रॉलीने पश्चिमेला, चाळिसाव्या रस्त्यापर्यंत. स्प्रूस स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डेंटल स्कूलची इमारत दिसली. शाळा 1878 सालची, ही इमारत 1915 सालची. दगडी कमानी, उंच खिडक्या. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या जुन्या वास्तूची लांबची बहीण शोभावी.

इमारतीला नाव आहे थॉमस इव्हान्सचं. हा मूळचा फिलाडेल्फियाचा. 1847 मध्ये पॅरिसला गेला आणि तिसऱ्या नेपोलियनचा दंतवैद्य झाला. सोन्याच्या वर्खाने दात भरण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि त्या काळी अमेरिकन दंतवैद्याला युरोपच्या दरबारांत मोठी मागणी होती. 1870 मध्ये साम्राज्य कोसळल्यावर सम्राज्ञी युजेनी जिवाच्या भीतीने राजवाड्यातून निसटली आणि शेवटी आपल्या दंतवैद्याच्या दारात आली. त्यानेच तिला बग्गीतून समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचवलं आणि तिथून तिने इंग्लंड गाठलं. पुढे त्याने आपली संपत्ती या शहरातल्या दंतशिक्षणासाठी ठेवली. मला ही गोष्ट फार आवडते. आमच्या धंद्यात इतका विश्वास सहसा वाट्याला येत नाही. पेशंट 'दुखणार नाही ना?' यापलीकडे जात नाही.

या शहराला बाहेरून शिकायला येणाऱ्या बायकांची सवय जुनी आहे. बर्लिनमध्ये बाईला दंतवैद्यकाचं दार बंद होतं, म्हणून हेन्रिएट हिर्शफेल्ड अटलांटिक ओलांडून इथे आली, 1869 मध्ये पेनसिल्व्हेनिया कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीची पदवी घेतली आणि परत जाऊन बर्लिनमध्ये बायका-मुलांसाठी दवाखाना उघडला. मग आमच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी. त्या दंतवैद्यकाच्या नव्हेत, डॉक्टरीच्या. 1886 च्या मार्चमध्ये त्यांनी याच शहरात पदवी घेतली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत पुण्यात गेल्या. हिंदुस्थानात दंतवैद्यक शिकवायची रीतसर सोयही अशाच एका परत आलेल्या माणसाने केली. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी 1915 मध्ये आयोवाला पदवी घेतली आणि परत येऊन 1920 मध्ये कोलकात्याला डेंटल कॉलेज काढलं. मुंबईत नायरचं कॉलेज त्यानंतर, 1933 मध्ये.

ती माणसं आपल्या देशात नसलेलं शिकायला गेली. भाची मात्र शिकलेलंच पुन्हा शिकायला गेली आहे. मला हा हिशेब पटत नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो तपासायलाच मी आले होते.

तिच्या खोलीवर स्वयंपाकाच्या ओट्यालगत तोच जबडा टेबलाला अडकवलेला होता. मी एका दाढेवर बोट ठेवलं, म्हटलं, "सेहेचाळीस छान झालाय." ती म्हणाली, "इथे तीस म्हणायचं." आपल्याकडे खालची उजवी पहिली दाढ म्हणजे 46. अमेरिकेत वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून सुरुवात करून 1 ते 32 मोजतात, त्यात तीच दाढ 30 होते. हजारो दाढांवर बसलेली जीभ वळवायची म्हणजे गंमत नाही. पहिले काही महिने ती मनात 46 म्हणून तोंडाने 30 म्हणत होती.

दुसरी गोष्ट तिने जबड्यावरच करून दाखवली. दाताभोवती रबर डॅम ताणून बसवायचा. हिरव्या रबराचा चौकोन, मधे भोक, त्यातून फक्त तो एक दात वर. लाळ नाही, जीभ मधे नाही, फाइल निसटून घशात जायची भीती नाही. आमच्याकडे हे पुस्तकात असतं, परीक्षेत असतं, आणि संध्याकाळी सात वाजता बाकावर आठ माणसं बसलेली असताना कापसाच्या गुंडाळ्या असतात. तिथे त्याशिवाय रूट कॅनलला हात लावू देत नाहीत. शिवाय सुरू करण्याआधी सरांना दाखवायचं, कीड काढून झाली की दाखवायचं, भरण्याआधी दाखवायचं. प्रत्येक टप्प्याला त्यांची नोंद पडते, मगच पुढे. एका पेशंटला अख्खी सकाळ.

"राग येत नाही?" मी विचारलं. "माझ्यासमोर तू दिवसाला पाच-सहा रूट कॅनल केलेत."

"आधी यायचा. मग लक्षात आलं, तुझ्याकडे असताना मला कोणी थांबवलंच नव्हतं."

यावर मी काही बोलले नाही, भाजणीच्या थालीपिठाला भोकं पाडत राहिले. कोटभर रुपये देऊन माणूस काय विकत घेतो, तर थांबवणारा माणूस. महाग आहे, पण फुकट जाणारा पैसा नाही, इतपत माझं मत बदललं.

दुसऱ्या दिवशी मी शिकाऊ डॉक्टरांच्या क्लिनिकच्या बाहेर बसले. आत जायची परवानगी नव्हती आणि ते योग्यच. शेजारी एक आजोबा, निवृत्त बसचालक. खालच्या कवळीसाठी त्यांची ही कितवी खेप ते त्यांनाही आठवत नव्हतं. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी मेडिकेअर हा सरकारी विमा आहे, पण नेहमीचे दातांचे उपचार त्यात बसत नाहीत. बाहेर खाजगीत परवडत नाही, म्हणून विद्यार्थ्यांकडे स्वस्तात. वेळ भरपूर असेल तर इथे यावं, असं ते म्हणाले. घोलाई नगरहून उतरून कळव्याच्या हॉस्पिटलात नंबर लावणारी आमची आजीही हेच म्हणते. डेंटल कॉलेज कुठलंही असो, गरिबाच्या दातांवरच विद्यार्थ्याचा हात तयार होतो. इव्हान्सने सम्राटाचे दात भरले असतील, पण त्याच्या नावाच्या इमारतीत खुर्ची भरते ती बसचालकाने.

भाची दुपारी बाहेर आली ती उड्या मारतच. वर्गात तोंडाच्या कर्करोगापूर्वीच्या लक्षणांवर चर्चा होती. सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे सुपारी-गुटख्याने गालाची आतली कातडी पांढरी, ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं, हे तिच्या वर्गातल्या बहुतेकांनी फक्त चित्रात पाहिलेलं. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी 1953 मध्येच त्यावर लिहून ठेवलं होतं. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्याला बंदी असली तरी आमच्या दवाखान्यात हा रोग येतच राहतो. वर्गात भाचीने उठून स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवली. निरोगी माणसाची तीन जातात, आमच्या पेशंटची दोन, कधी एकच, आणि मग मिसळीतलं तिखट सोडाच, साधं वरणही झोंबतं. सरांनी तिला विचारलं, पुढच्या आठवड्यात यावर अर्धा तास बोलशील का?

"आत्या, फोटो हवेत. आपल्याच पेशंटचे. त्यांना विचारून."

फिलाडेल्फियात सकाळ, म्हणजे कळव्यात संध्याकाळची ओपीडी. दुसऱ्या दिवशी नाश्ता होताच मी असिस्टंटला फोन लावला, फाइली काढायला सांगितल्या, परवानगीचा कागद मराठीत कसा लिहायचा ते सांगितलं. पलीकडे खुर्चीत नेमका त्यातलाच एक रिक्षावाला होता. तिने त्याला विचारलं आणि फोन परत कानाला लावला.

"मॅडम, ते म्हणतायत फोटो घ्या, पण बायकोला कळता कामा नये. तिला सांगितलंय, सोडला म्हणून."